डॉग पार्कमध्ये लीश सोडण्याआधी आणि सोडल्यावर

डॉग पार्कमधली सर्वांत धोक्याची जागा कोणती, असं विचारलं तर उत्तर एकच: फाटक. आत आठ-दहा कुत्रे मोकळे आहेत. बाहेरून नवा कुत्रा लीश ताणत, धापा टाकत येतो. त्याची चाहूल लागताच आतले सगळे धावत येऊन जाळीला भिडतात. मालक एका हाताने कडी काढतोय, दुसऱ्या हातात मोबाईल आहे. पुढच्या दहा सेकंदांत जे होतं, त्यावर त्या कुत्र्याची पुढची कितीतरी महिने इतर कुत्र्यांकडे बघायची नजर ठरते. म्हणून या लेखाचा मोठा भाग लीशचा हुक काढण्याआधी काय करायचं, यावर आहे.

आपल्याकडे महापालिकेचे डॉग पार्क अजून मोजकेच आहेत. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर समुद्राकाठी एक आहे. हैदराबाद महापालिकेने २०१८ साली कोंडापूरला, पूर्वी कचरा टाकत त्या जागेवर, सव्वा एकरात डॉग पार्क उभारला. बाकी शहरांमध्ये बहुतेकांच्या वाट्याला येतात ते खासगी पार्क, म्हणजे शहराबाहेरची कुंपण घातलेली जागा आणि तासाच्या हिशोबाने बुकिंग. पुढचं सगळं या दोन्हींना लागू आहे. पुण्यातल्या टेकड्या, मोकळी मैदानं आणि समुद्रकिनारे मात्र डॉग पार्क नव्हेत. टेकडीवर मोर असतात आणि मोराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग किंवा रत्नागिरीतल्या वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कासवांची अंडी वाळूत असतात. तिथे लीश हातातच हवी.

आधी हे ठरवा: तुमच्या कुत्र्याला पार्क हवा आहे का?

पिल्लू असताना दिसेल त्या कुत्र्याशी खेळणारा लॅब्राडोर दीड ते तीन वर्षांचा झाला की अनोळखी कुत्र्यांपासून जरा लांब राहू लागतो. याला बिघडणं म्हणत नाहीत, तो वयात आलेला असतो. रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या मोठ्या इंडी म्हणजे देशी कुत्र्यांना तर स्वतःचे चार ओळखीचे सोडून बाकीच्यांत रस नसतो, आणि तेही नैसर्गिकच आहे. अशा कुत्र्याला गर्दीच्या पार्कात नेऊन ‘सोशल’ करायला जाणं म्हणजे पाण्याला घाबरणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखं आहे. घाबरट कुत्रा पार्कात जाऊन धीट होत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण घाबरलो तरी मालक आपल्याला बाहेर काढत नाही.

पुढील परिस्थितीत पार्कात जाऊच नका. मादी माजावर म्हणजे हीटवर असेल तर रक्त दिसू लागल्यापासून साधारण तीन आठवडे तिला घरीच ठेवा. रक्त थांबलं म्हणजे हीट संपली असं धरू नका, कारण नरांना ती सर्वांत जास्त आकर्षित करते ती नेमकी त्याच सुमारास. खोकला, जुलाब, डोळ्यांतून घाण येणं किंवा खरूज असेल तर नाही. बॉल किंवा खाऊ तोंडात असताना दुसरा जवळ आला की गुरगुरतो, तोही नाही. पूर्वी कुणाला चावून जखम केली असेल तर नाहीच. नसबंदी न झालेला नर शांत स्वभावाचा असला तरी इतर नर त्याच्या मागे लागतात, त्याला हुंगून हैराण करतात. म्हणून बऱ्याच खासगी पार्कांत एक वर्षावरच्या अशा नरांना प्रवेश देत नाहीत.

या सगळ्यांसाठी चांगला पर्याय आहे. खासगी पार्कात पूर्ण जागा एका तासासाठी एकट्याने घ्या, फार तर एखादा ओळखीचा कुत्रा सोबत असू द्या. कुत्र्याला मोकळं धावायला आणि मनसोक्त हुंगायला मिळालं की त्याचं बहुतेक काम होतं. दहा अनोळखी कुत्रे भेटणं ही त्याची गरज नाही.

लसी, जंत, गोचीड

डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या पिल्लाच्या लसींचा शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर झालेला हवा आणि त्यावर दोन आठवडे गेलेले हवेत. त्याआधी पार्क नको. पार्व्होचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतात आणि कोणत्या गवतात ते आहेत हे कुणालाच दिसत नाही. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, मग वर्षाने बूस्टर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी घ्यावी लागते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फार महत्त्वाची आहे, कारण उंदरांच्या लघवीतून हे जंतू डबक्यांत येतात आणि कुत्रा ते पाणी चाटतो. कुत्रे जमतात त्या प्रत्येक ठिकाणी केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, पसरतो. त्याची लस पार्कात नियमित जाणार असाल तर घ्या आणि ती पहिल्या भेटीच्या निदान दोन आठवडे आधी घ्या.

जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. गोचिडांसाठी महिन्याला एक किंवा बारा आठवड्यांतून एकदा द्यायच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या देण्याआधी डॉक्टरांना विचारा. एक गोष्ट नीट समजून घ्या: या गोळ्या घेतलेल्या कुत्र्याच्या अंगावरही गोचीड चढतं. ते रक्त पिऊ लागलं की औषध त्याच्या पोटात जातं आणि ते मरतं. म्हणजे गोळी दिली तरी घरी आल्यावर अंग तपासायचंच.

महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि लसीकरणाचं पुस्तक यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. खासगी पार्कवाले दारातच मागतात, आणि भांडण झालं तर समोरच्या मालकाला दाखवायला पहिल्यांदा तेच लागतात.

हाक: हे जमल्याशिवाय लीश सोडायची नाही

बोलावल्यावर येणं ही एकच आज्ञा पार्कात तुमच्या कुत्र्याला वाचवते. ‘बस’ आणि ‘शेकहँड’ची तिथे फारशी गरज पडत नाही.

शब्द असा निवडा जो घरात दिवसभर कुणी वापरत नाही. ‘ये’, ‘इकडे ये’ आणि कुत्र्याचं नाव दिवसातून पन्नास वेळा कानावर पडून बोथट झालेलं असतं. शिट्टी सर्वांत उत्तम, कारण तिच्यात तुमचा राग किंवा घाबरलेपण उतरत नाही. बक्षीसही रोजचं नको. उकडलेली चिकन, कलेजी किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे, आणि हे तुकडे फक्त या हाकेसाठी राखून ठेवा.

पहिला आठवडा घरात. कुत्रा दोन हातांवर असताना शिट्टी वाजवा आणि लगेच तुकडा द्या. दिवसातून दोनदा, दर वेळी दहा. तो शिट्टी ऐकताच मान झटकन वळवू लागला की दुसऱ्या खोलीतून वाजवा. मग जिन्यात, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या आवारात. त्यानंतर तीस फुटांची लांब दोरी आणा. ती हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला नको. तीस फूट धावून जोरात थांबलेल्या कुत्र्याच्या मानेला बसणारा हिसका साधा नसतो. तुमच्या हातात हातमोजे असू द्या, सुसाट निघालेली दोरी तळहात सोलून काढते.

मैदानात एका टोकाला दुसरा कुत्रा खेळत असताना, वीस-तीस फुटांवरून दहापैकी आठ वेळा पहिल्याच शिट्टीला कुत्रा वळून आला की तो तयार आहे. बहुतेक कुत्र्यांना इथवर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बिघडतं कुठे? तीन ठिकाणी. कुत्रा उशिरा आला म्हणून ओरडलात की त्याच्या लेखी येण्याचा अर्थ ओरडा खाणं असा होतो. येणारच नाही हे दिसत असतानाही पाच-सहा वेळा शिट्टी मारलीत की शिट्टीचा अर्थच पुसला जातो. अशा वेळी गप्प राहून त्याच्यापर्यंत चालत जावं. आणि सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फक्त घरी जायच्या वेळी बोलावणं. दोन भेटींतच कुत्र्याला हिशोब कळतो की शिट्टी म्हणजे खेळ संपला. पार्कात पाचदा बोलवा, त्यातल्या चार वेळा तुकडा देऊन ‘जा’ म्हणून परत सोडा.

आधी एकट्याने जाऊन या

कुत्र्याला न घेता अर्धा तास तिथे उभे राहा. कुंपण निदान पाच फूट उंच हवं आणि खालच्या कडेला चार बोटांपेक्षा मोठी फट नको. बीगल आणि स्पिट्झ अशा फटी पाच मिनिटांत शोधून काढतात. फाटक दुहेरी आहे का बघा, म्हणजे दोन दारं आणि मध्ये छोटी बंदिस्त जागा. एकच दार असेल तर तो पार्क गर्दीच्या वेळी मी सुचवणार नाही. छोट्या आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे भाग आहेत का? गवत घोट्यापर्यंत कापलेलं आहे का? सावली किती आहे? पावसाळ्यात पाणी साचतं का? कडेला कण्हेर किंवा घाणेरीची झुडपं आहेत का? दोन्ही विषारी आहेत, आणि कण्हेरीची थोडी पानं पोटात गेली तरी कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बिघडतात.

हे सगळं बघून झाल्यावर माणसांकडे बघा. मालक आपापल्या कुत्र्यावर नजर ठेवून आहेत की बाकावर बसून गप्पा मारतायत? शी कोण उचलतं? एखादा कुत्रा दुसऱ्याला छळत असेल तर कुणी उठतं का? यावरून पार्क कसा आहे ते कुंपणापेक्षाही लवकर कळतं.

बाहेरचे भटके कुत्रे हा आपल्याकडचा वेगळा विषय. पार्कचं फाटक त्यांच्या हद्दीत असतं. गाडीतून उतरून फाटकापर्यंत लीश आखूड धरा, सरळ चालत जा, दगड उचलू नका आणि त्यांना खूश ठेवायला फाटकापाशी बिस्किटं टाकू नका. टाकलीत तर ते रोज तिथेच थांबतील आणि तुमच्या मागून येणाऱ्याची पंचाईत होईल. आत गेल्यावर तुमचा कुत्रा जाळीच्या अलीकडून आणि ते पलीकडून भुंकत धावू लागले तर लगेच हाक मारून त्याला मध्यभागी आणा. जाळीवरचा हा राग साठत जातो आणि मग शेजारी उभ्या असलेल्या आतल्याच कुत्र्यावर निघतो.

सोबत काय न्यायचं

चार-पाच फुटांची साधी लीश. लांब-आखूड होणारी डबीवाली लीश आणू नका. तिची बारीक दोरी इतर कुत्र्यांच्या पायांत अडकते आणि कातडी कापते. गळ्यात सपाट पट्टा, दाबल्यावर झटकन सुटणाऱ्या बकलचा, त्यावर दोन फोन नंबर कोरलेली पट्टी. हार्नेस, काट्यांचा पट्टा आणि आवळणारी साखळी आत जाण्याआधी काढा. खेळताना कुत्रे एकमेकांची मान तोंडात धरतात. दात किंवा खालचा जबडा पट्ट्यात अडकला की दोघेही घाबरून पीळ घालतात. एकाचा जबडा मोडू शकतो आणि दुसऱ्याचा गळा आवळला जातो. असं झालं तर दोघांना ओढून वेगळं करू नका. जवळ ढकला म्हणजे पट्टा सैल पडेल, मग बकल दाबा किंवा पट्टा कापा. यासाठी बोथट टोकाची कात्री खिशात असू द्या.

एक लिटर पाणी आणि स्वतःचं भांडं. पार्कातल्या सामायिक भांड्यातून केनेल कफ आणि पोटाचे जंतू पसरतात. शीसाठी चार पिशव्या, स्वतःच्या दोन आणि दुसऱ्याला द्यायला दोन. टॉवेल, चिमटा, सलाइनची छोटी बाटली, बीटाडीन, गॉज आणि चिकटपट्टी. बॉल, हाड, चघळायच्या वस्तू गाडीतच ठेवा. बक्षिसाचे तुकडे बंद डबीत खिशात असू द्या आणि आजूबाजूला दुसरे कुत्रे नसतील तेव्हाच द्या.

एका माणसामागे एक कुत्रा, फार तर दोन. आठ-दहा वर्षांखालची मुलं आत नेऊ नका. मूल धावलं आणि किंचाळलं की कुत्र्यांना ते सावज वाटतं, आणि त्याच्या हातातलं बिस्किट नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं.

वेळ आणि ऊन

जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं भरल्या पोटी धावल्याने पोट फुगून पिळा पडण्याचा धोका वाढतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. पोट टणक होऊन कुत्रा उलटी काढतोय पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

मार्च ते जूनमध्ये सकाळी सातच्या आत बाहेर पडा. विदर्भ-मराठवाड्यात त्याहून लवकर. तळहाताची पाठ जमिनीवर सात सेकंद ठेवा. चटका बसला तर कुत्र्याच्या पायांनाही बसणार. पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या आखूड नाकातून पुरेशी हवा जात नाही म्हणून त्यांचं अंग निवत नाही. त्यांना दहा मिनिटांचा खेळ पुष्कळ झाला. दाट केसांच्या हस्कीची गोष्टही वेगळी नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की उष्माघात. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल अडखळते. आधी तिथल्या तिथे गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत आणा, नळाचं साधं पाणी पूर्ण अंगावर ओता आणि जोरात वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. प्यायला थोडं थोडं पाणी द्या, तोंडात ओतू नका. गाडीचा एसी लावून ओल्या अंगानेच घेऊन जा, आणि तो सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवरचा परिणाम पुढच्या दिवसांत दिसतो.

फाटकातून आत

पहिल्यांदा रविवारची सकाळ टाळा. आठवड्यातला मधला दिवस निवडा. आधी बाहेर दहा-पंधरा मिनिटं चालवा, शू-शी होऊ द्या. गाडीतून उतरून थेट आत सोडलेला कुत्रा फुग्यासारखा भरलेला असतो.

बाहेरचं दार उघडा, दोघे मधल्या जागेत जा, दार लावा आणि कडी बसली आहे हे हाताने ओढून बघा. आतले कुत्रे दाराशी जमले असतील तर थांबा, त्यांच्या मालकांना बोलवायला सांगा. कुणी आलं नाही तर सरळ बाहेर पडून पाच मिनिटं फिरून या. दार मोकळं झाल्यावर कुत्र्याला बसवा आणि हुक या मधल्या जागेतच काढा. आत नेऊन मग काढू असं करू नका. मोकळ्या कुत्र्यांमध्ये लीशवर असलेल्याला पळता येत नाही, हे त्यालाही कळतं. लीश ताणली की त्याची छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, आणि समोरच्या कुत्र्याच्या भाषेत ते आव्हान असतं. पळायची वाट बंद झालेला कुत्रा मग चावतो.

हुक निघाला की आतलं दार उघडा आणि तुम्ही चालू लागा. थांबू नका. तुम्ही चाललात की कुत्रा मागे येतो आणि हुंगणारे त्याच्या बाजूने, मागून येतात. तुम्ही उभे राहिलात की तो तुमच्या पायांशी अडकून चारी बाजूंनी घेरला जातो. पार्कच्या कडेने एक पूर्ण चक्कर मारा. पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांची, तो मजेत असतानाच संपवायची. पुढच्या चार-पाच भेटींत अर्ध्या तासावर जा. पाऊण तासाच्या पुढे बहुतेक कुत्रे दमून चिडचिडे होतात.

खेळ की छळ

चांगल्या खेळात सगळं सैल असतं. पुढचे पाय पसरून छाती खाली, ढुंगण वर, तोंड उघडं, अंग नागमोडी हलतं. आता मी तुझ्या मागे, मग तू माझ्या मागे, अशी पाळी बदलते. मोठा कुत्रा आपणहून आडवा पडतो म्हणजे छोट्याला वर चढता यावं. मधेच दोघे थांबतात, अंग झटकतात, जमीन हुंगतात आणि पुन्हा सुरू. गुरगुरण्याचा आवाजही असतो आणि या सैल अंगासोबत तो असेल तर काळजी नको.

आता हे बघा. दोघे समोरासमोर आले. एकाचं उघडं तोंड पटकन मिटलं. शेपटी सरळ वर, फक्त टोक बारीक थरथरतंय. वजन पुढच्या पायांवर आलं. त्याने आपली हनुवटी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली आणि तो गोठला. दुसऱ्याने मान न वळवता नुसते डोळे फिरवले आणि डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसलं. आवाज अजून काहीच नाही. तुमच्या हातात इथे दोन ते तीन सेकंद असतात. आनंदी आवाजात शिट्टी किंवा हाक, आणि तुम्ही उलट दिशेने चालू लागा. ओरडून धावत मध्ये घुसलात तर तीच ठिणगी ठरते.

छळ ओळखणं अवघड जातं, कारण छळणाऱ्याचा मालक नेहमी म्हणतो, ‘अहो, तो फक्त खेळतोय.’ याची सोपी चाचणी आहे. वर चढलेल्या किंवा मागे लागलेल्या कुत्र्याला पट्ट्याला धरून शांतपणे बाजूला घ्या. खाली असलेला परत त्याच्याकडे आला तर खेळ होता. तो दूर गेला, बाकाखाली शिरला, मालकाच्या पायांमागे लपला, तर त्याला ते नको होतं. तिघे मिळून एकाच्या मागे लागले असतील तर चाचणीचीही गरज नाही, तिथे लगेच थांबवा. आणि तुमचा कुत्रा तुमच्या पायांमागे आला तर ‘जा ना, खेळ ना’ म्हणून पुढे ढकलू नका. तो मदत मागायला आलेला असतो.

हे सगळं दिसायला नजर कुत्र्यावर हवी. पार्कात फोन फक्त फोन करायला काढा. बाकावर बसू नका, कुत्र्यापासून वीस-पंचवीस फुटांत चालत राहा, आणि दर पाच-सात मिनिटांनी बोलावून अर्धा मिनिट श्वास घेऊ द्या.

दहा किलोखालच्या कुत्र्यांना मोठ्यांत मिसळू नका, मोठे स्वभावाने कितीही गरीब असोत. पॉमेरेनियन घाबरून किंचाळत पळाला की मागच्या कुत्र्याच्या डोक्यात खेळाच्या जागी शिकार येऊ शकते, आणि एका झटक्यात मान मोडते. छोट्याला खांद्यावर उचलून उभे राहिलात तर बाकीचे उड्या मारतात. उचलायचंच असेल तर छातीशी घट्ट धरा, पाठ त्या कुत्र्यांकडे करा आणि थेट बाहेर चालू पडा.

भांडण लागलंच तर

तोंडाजवळ, मानेजवळ हात घालू नका. भांडण सोडवताना माणसांना चावे बसतात ते बहुतेक इथेच. आधी मोठा आवाज करा, स्टीलचं भांडं कुंपणावर आपटा. पाणी असेल तर नाकातोंडावर ओता. सुटले नाहीत तर दोन माणसं लागतात. दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याच्या मागच्या मांड्या धरून पाय जमिनीवरून उचलायचे आणि हातगाडी ओढावी तसं मागे, थोडं गोल फिरत सरकायचं. गोल फिरल्याने त्याला वळून चावता येत नाही. एकाने दुसऱ्याला जबड्यात घट्ट धरून ठेवलं असेल तर ओढू नका, मांस फाटेल. पकड सुटेपर्यंत तसंच धरून राहा. सुटल्यावर लीश लावा आणि पार्कबाहेर. ‘आता ठीक आहे’ म्हणून पुन्हा सोडू नका.

केस बाजूला करून सगळं अंग तपासा. सुळ्याचं भोक बाहेरून मुगाएवढं दिसतं, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते आणि दोन दिवसांत तिथे पू होतो. भोक पडलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. छोट्या कुत्र्याला धरून झटकलं असेल तर बाहेर काहीही दिसत नसलं तरी ताबडतोब न्या.

माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग बीटाडीन. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नका. कुत्र्याची लस झालेली असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजविरोधी लस सरकारी रुग्णालयात मिळते, आणि रक्त आलेल्या जखमेसाठी लसीसोबत जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते मागून घ्या. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं, म्हणून दोन्ही मालकांनी फोन नंबर आणि लसीच्या नोंदी एकमेकांना द्याव्यात. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पार्कात ‘आपल्या जबाबदारीवर प्रवेश’ अशी पाटी असली तरी हे कलम टळत नाही.

घरी आल्यावर

आधी पाणी, थोडं थोडं. जेवण तासाभराने, श्वास पूर्ण शांत झाल्यावर.

मग अंग तपासा आणि डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. कानाच्या पाळीची आतली बाजू, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि पायांच्या प्रत्येक बोटाच्या बेचक्यात. गोचीड सापडलं तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, एकसारखं ओढा. रॉकेल, काडीचा चटका हे जुने उपाय नकोत, त्याने ते आतली घाण जखमेत ओकतं. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

पावसाळा संपून गवत वाळलं की कुसळं. ती एकाच दिशेने सरकतात, कातडीत शिरली की आत आत जातात. घरी आल्यावर कुत्रा एकच पाय सतत चाटतोय, किंवा अचानक डोकं झटकून मान एका बाजूला कलती ठेवतोय, तर बोटांच्या बेचक्यात किंवा कानात कुसळ आहे असं समजा. पायातलं दिसलं तर काढा, कानातलं डॉक्टरांनाच काढू द्या. पाय साध्या पाण्याने धुवा आणि बोटांमधून कोरडे करा. ओले राहिले की बुरशी येते.

पुढचे तीन आठवडे तीन गोष्टींवर लक्ष असू द्या. तीन ते दहा दिवसांत घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला आला तर केनेल कफ, आणि मग बरा होऊन दोन आठवडे होईपर्यंत पार्क बंद. पातळ, वास येणारी शी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली तर ताजा नमुना घेऊन दवाखान्यात जा. आणि एक ते तीन आठवड्यांत ताप, मरगळ, खाण्यावरची इच्छा गेलेली किंवा नाकातून रक्त दिसलं तर डॉक्टरांना पार्कची तारीख सांगून गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या.